चावी डब्यालाच लावा

डबा बंद करणाऱ्यानंच तो उघडायची सोय द्यायला हवी, आणि ती सोय डब्यालाच जोडलेली हवी. 'बाजारात मिळते', 'घरात असतेच' असल्या उत्तरांवर आपण भागवून घेऊ नये. माझं म्हणणं एवढंच आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी लांबलचक लेख कशाला, असं ज्यांना वाटतंय त्यांनी आधी आठवून बघावं: आपल्या घरात शेवटचा सीलबंद पत्र्याचा डबा कोणी उघडला आणि कशानं?

बहुतेक घरांत उत्तर सारखंच येईल. आईनं, नाहीतर काकूनं. आमरसाचा डबा ओट्यावर ठेवायचा, सुरीचं टोक झाकणाच्या कडेला टेकवायचं आणि वरून बत्त्याचा ठोका द्यायचा. एक भोक, शेजारी दुसरं, मग तिसरं. शेवटी करवतीच्या दातांसारखी कड झालेलं ते झाकण चमच्याच्या दांड्यानं वर उचलायचं. तोवर बाहेरच्या खोलीतून दोनदा विचारून झालेलं असतं, 'झालं का?'

त्या डब्यावर आंब्याचं चित्र असतं. वजन असतं, किंमत असते, बनवल्याचा महिना असतो, कंपनीचा पत्ता असतो, आता तर क्यूआर कोडही असतो. आत कसं जायचं, हे मात्र नसतं.

छिन्नी आणि हातोडा

पत्र्याचा डबा काही कालचा शोध नाही. इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं १८१० साली त्याचं पेटंट घेतलं. १८१३ च्या सुमारास ब्रायन डॉन्किन आणि त्याच्या भागीदारांच्या लंडनमधल्या कारखान्यातून ब्रिटिश नौदलाला डबाबंद मांस जाऊ लागलं. जाड लोखंडी पत्रा, त्यावर कथिलाचा थर, सांधे सोल्डर केलेले. त्या काळच्या डब्यांवर सूचना असायची ती अशा अर्थाची: छिन्नी आणि हातोडा घ्या आणि वरच्या बाजूला कडेच्या जवळून गोल कापा.

डबा उघडायचं खास हत्यार इंग्लंडमध्ये रॉबर्ट येट्सनं १८५५ साली आणलं, अमेरिकेत एझ्रा वॉर्नरनं १८५८ साली. म्हणजे डबा आला आणि ओपनर यायला ४५ वर्षं लागली. इतकी वर्षं डबा बनवणारे सुधारत राहिले, सील पक्कं होत गेलं, माल टिकत गेला. उघडण्याचा प्रश्न खलाशावर आणि शिपायावर सोडून दिलेला होता.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात या वृत्तीसाठी एक वाक्य आहे: 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' कारखान्यात छिन्नी होती, हातोडा होता, भक्कम टेबल होतं. तिथे डबा उघडत होता. जहाज हलत असताना, थंडीनं बोटं वाकत नसताना काय होतं, हा कारखान्याचा प्रश्नच नव्हता.

मग १८६६ साली न्यूयॉर्कच्या जे. ऑस्टरहाउटनं एका वेगळ्या डब्याचं पेटंट घेतलं. त्याला चावी होती. पुढे सार्डिन, कॉफी आणि मांसाच्या डब्यांवर हीच पद्धत कित्येक दशकं चालली.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. डब्याच्या अंगावर एकमेकांना समांतर अशा दोन बारीक खाचा पाडलेल्या असत. त्या पत्रा आरपार कापत नसत, फक्त कमजोर करत. दोन खाचांमधली पट्टी सांध्याजवळ जिभेसारखी थोडी बाहेर आलेली असे. चावी म्हणजे जाडसर तारेचा किंवा पत्र्याचा तुकडा. एका टोकाला बोटात धरायची कडी, दुसऱ्या टोकाला फट. फटीत जीभ अडकवायची आणि चावी फिरवत जायचं. पट्टी चावीभोवती गुंडाळत येते आणि डबा उघडतो.

ही चावी झाकणाला नाहीतर बुडाला सोल्डरच्या एका ठिपक्यानं किंवा वेल्डिंगच्या एका टाक्यानं चिकटवलेली असे. तो ठिपका असा हवा की गोदामात, बोटीत, दुकानाच्या फळीवर चावी गळून पडू नये. आणि असाही हवा की घरातल्या माणसानं हातानं दोनदा वाकवली की ती सुटून यावी. टिकली पाहिजे आणि सुटलीही पाहिजे. शिवाय ती सुटताना झाकणाला भोक पडता कामा नये, नाहीतर माल नासला. दिवसभर इतरांनी लिहिलेल्या अटी वाचणं हे माझं काम आहे; इतक्या थोड्या जागेत वापरणाऱ्याचा इतका विचार मी क्वचित पाहिलाय.

ती चावी म्हणजे कंपनीनं दिलेली कबुली होती. तुझ्या घरी ओपनर आहे की नाही मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची मला गरजही पडू नये.

चावीचा डबा निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पट्टी तिरकी जायची, मध्येच तुटायची, जीभ मोडायची, आणि गुंडाळलेल्या पट्टीची कड ब्लेडसारखी असायची. पण पुढच्या सुधारणा त्याच दिशेनं गेल्या. १९५९ साली ओहायोमधला एर्मल फ्रेझ हा इंजिनियर सहलीला गेला आणि ओपनर घरी राहिला. गाडीच्या बंपरवर डबे फोडायची वेळ त्याच्यावर आली. पुढच्या काही वर्षांत त्यानं झाकणालाच जोडलेली, ओढून काढायची पट्टी तयार केली. त्या ओढून फेकलेल्या पट्ट्या समुद्रकिनाऱ्यांवर लोकांच्या पायांत घुसू लागल्या, तेव्हा १९७५ साली डॅनियल कडझिकची, उघडल्यावरही डब्यालाच राहणारी पट्टी आली. आज कोल्ड्रिंकच्या कॅनवर आपण बोटानं उचलतो ती हीच. युरोपीय संघात तर ३ जुलै २०२४ पासून ३ लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्यांची बुचं बाटलीलाच जोडलेली असणं सक्तीचं आहे. तिथे कारण कचऱ्याचं आहे, पण धागा तोच: जो भाग वापरणाऱ्याला लागणार, त्याची जबाबदारी वस्तूबरोबर राहते.

फ्रेझच्या गोष्टीत एक कडवट बोध आहे. इंजिनियर स्वतः अडकला तेव्हा झाकण बदललं. त्याआधी लाखो लोक अडकत होते, त्यांच्यामुळे बदललं नव्हतं.

कौंडण्यपूरचा पिपा

आमच्या घरांतला इंजिनियर मात्र अजून अडकलेला नाही, म्हणून आमच्याकडे अजून छिन्नी-हातोड्याचंच युग आहे. माझं गाव कौंडण्यपूर. अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. पुराणातलं कुंडिनपूर, रुक्मिणीचं माहेर. दर आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते आणि कार्तिकात गावात यात्रा भरते.

यात्रा म्हटली की पंगत, आणि पंगत म्हटली की तेलाचा पिपा. १५ किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा, आमच्याकडे त्याला पिपाच म्हणतात. काही पिप्यांना आता प्लॅस्टिकचं बूच येतं. बाकीचे पिपे कसे उघडतात ते बघायचं असेल तर कुठल्याही भंडाऱ्यात चुलीपाशी उभं राहा. आचारी ओरडतो, 'पेचकस कुठं ठेवला बे?' पेचकस नसतोच. मग खिळा येतो, दगड येतो. एका कोपऱ्यात भोक पाडतात, समोरच्या कोपऱ्यात हवेसाठी दुसरं, नाहीतर तेल गचके खात पडतं. पत्र्याचा कीस आणि वरच्या रंगाचे कपचे कढईत जातात. धार नीट पडावी म्हणून भोक मोठं करायला गेलेला अंगठा कापतो. आचारी त्यावर हळद दाबतो आणि पुऱ्या लाटायला घेतो. याची कुणी कुठे नोंद करत नाही, कारण ही तक्रार आहे असं कुणाला वाटतच नाही.

रिकाम्या पिप्याचंही मोल असतं. त्याचं तोंड कापून, कड ठोकून आत वळवून, वर झाकण बसवून त्यात ज्वारी, तूरडाळ भरतात. म्हणजे आमच्याकडे तो डबा दोनदा उघडतो, आणि दोन्ही वेळा हत्यार ज्याचं त्यानं शोधायचं.

आमच्या गावाला उलट शिकवण आहे, खरं तर. भागवतातल्या गोष्टीत रुक्मिणी कृष्णाला निरोप पाठवते. 'मला घेऊन जा' एवढंच सांगून ती थांबत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाचाराप्रमाणे नवरीला नगराबाहेर देवीच्या दर्शनाला नेतात, तिथून मला ने, म्हणजे आतल्या माझ्या माणसांचं रक्त सांडायला नको, असं ती कळवते. ते अंबिकेचं मंदिर आमच्याकडे आजही दाखवतात. निरोपातच वाट, वेळ आणि जागा. बंद नगरातली मुलगी चावी निरोपासोबत जोडून पाठवते, आणि आमच्या काळातला तेलाचा डबा मुका येतो.

जुगाडाचं कौतुक पुरे

इथे तुमच्या फोनमधल्या रील्सबद्दल बोलायलाच हवं. ओपनरशिवाय डबा कसा उघडावा, याच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. डबा उलटा करून काँक्रीटवर घासा, कडेची शिवण झिजते. चमच्यानं एकाच जागी घासत राहा, पत्रा पातळ होतो. खाली हार्ट आणि 'देसी जुगाड' असा शेरा.

मला त्या हातांचं कौतुक आहे. पण जुगाड या शब्दाचं आपण जे देव्हाऱ्यात बसवणं चालवलंय, त्याला माझा विरोध आहे. प्रत्येक जुगाड म्हणजे कुणीतरी करायचं टाळलेलं काम, जे दुसऱ्यानं फुकटात केलं. कारखान्यानं वाचवलेला एक टाका स्वयंपाकघरात कुणाच्या तरी बोटाला पडतो. आपण त्या बोटाला हुशार म्हणतो आणि कारखान्याला काहीच म्हणत नाही. आणि ही हुशारी दाखवायची वेळ कुणावर येते तेही बघा. बहुतेकदा बाईवर, आचाऱ्यावर, हॉस्टेलवरच्या पोरावर, पुराच्या छावणीत बसलेल्या माणसावर. मदतीत आलेला सीलबंद डबा हातात आहे आणि घरातली सुरी पाण्याखाली आहे, अशा माणसाला जुगाडाची गंमत सांगून बघा.

तुमच्या फोनचंच उदाहरण घ्या. सिमचा ट्रे उघडायची पिन खोक्यात येते. छान. पण ती फोनला जोडलेली नसते. सिम बदलायची वेळ दोन वर्षांनी येते, तोवर ती पिन गेलेली असते, आणि मोबाइलच्या दुकानात सेफ्टीपिन नाहीतर कानातल्याचा दांडा पुढे येतो. चावी दिली आणि चावी जोडून दिली, यातला फरक हा आहे. सुटी चावी म्हणजे हरवायची जबाबदारीही गिऱ्हाइकावर. आणि एकदा सुटी झाली की ती वगळणं सोपं जातं. २०२० साली ॲपलनं आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढला तेव्हा पर्यावरणाबरोबर हेही कारण दिलं होतं, की लोकांकडे चार्जर आधीच आहेत. 'घरात असतोच' हे वाक्य जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपासून गावच्या घाणीवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप: ओपनर घेऊन ठेवा, कितीसा महाग असतो? महाग नसतो. पण वर्षाला चार डबे उघडणाऱ्या घरात तो लागेल तेव्हा सापडत नाही, सापडला तर गंजलेला असतो. गोल डब्याचा ओपनर चौकोनी पिप्याला चालत नाही. उजव्या हाताचा ओपनर डावखुऱ्याला चालत नाही. आणि संधिवातानं बोटं सुजलेल्या आजीला कुठलाच चालत नाही.

दुसरा: खर्च वाढतो. वाढतो, मान्य. पण उघडण्याचा खर्च आजही होतोच आहे. तो ताळेबंदात दिसत नाही इतकंच, कारण तो वेळ, सांडलेलं तेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन या रूपात दुसरंच कुणी भरतं. चकचकीत छपाईला पैसे आहेत, बक्षिसाच्या कुपनाला आहेत, तर झाकणालाही निघतील.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काही गोष्टी सहज उघडू नयेत. औषधं, विषारी द्रव्यं लहान मुलांच्या हातात सहज उघडली तर अनर्थ होईल. पूर्ण मान्य. पण 'लहान मुलाला उघडू नये' आणि 'मोठ्याला हत्याराशिवाय उघडू नये' या दोन वेगळ्या अटी आहेत. दाबून फिरवायच्या झाकणानं पहिली अट पुरी होते, आणि त्याला दुसरं हत्यार लागत नाही.

हा आक्षेप मला थेट आमच्या शेतात घेऊन जातो. आमचा पट्टा कापूस-सोयाबीनचा. कीटकनाशकाच्या बाटलीचं झाकण फिरवलं की आत तोंडावर चिकटवलेलं चकाकतं सील असतं. ज्याला ओढायला शेपूट नसते, ते सील हातमोजा घालून निघत नाही. ओल्या बोटांनी निघत नाही. मग लोक हातमोजा असला तरी काढतात, खिळा खुपसतात, आणि दातानं सील तोडणारी माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. खिळा खुपसला की आतलं औषध उडतं, ते डोळ्याच्या दिशेनं.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याचं खापर मी सीलवर फोडत नाही. तिथली कारणं कितीतरी मोठी होती. पण त्यानंतर आमच्याकडे सगळ्यांनी एकच उपदेश ऐकला: हातमोजे घाला, मास्क लावा, काळजी घ्या. उपदेश बरोबर आहे. मात्र ज्या बाटलीचं तोंड हातमोजा काढल्याशिवाय उघडत नाही, ती बाटली त्या उपदेशाची पहिल्याच पायरीवर थट्टा करते. सीलला बोटभर शेपूट जोडणं हे रॉकेटचं काम नाही. दुधाच्या, सॉसच्या बाटल्यांना ती शेपूट मिळते. विषाच्या बाटलीला मिळायलाच हवी.

मागायचं काय आणि कुणाकडे

कायदा अगदीच रिकामा नाही. पाकीटबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापावाच लागतो. उघडायची पद्धत त्या यादीत नाही, ती यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम ८४ आणखी पुढे जातं. सदोष रचनेमुळे इजा झाली, किंवा इजा टाळण्यासाठी योग्य वापराची पुरेशी सूचना वस्तूसोबत नसली, तर उत्पादकावर जबाबदारी येऊ शकते. कापलेला अंगठा ही घरगुती बाब आहे, हे आपण ठरवलंय. कायद्यानं तसं म्हटलेलं नाही.

मोजायचं कसं, हा प्रश्नही सुटलेला आहे. पाकिटं आणि डबे किती सहज उघडतात हे तपासण्यासाठी आयएसओ १७४८० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१५ पासून आहे. ताकद मोजायची, आणि खऱ्या माणसांच्या, त्यातही वयस्क माणसांच्या हातात देऊन बघायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादं बटण दोन पिक्सेल सरकवायच्या आधी शेकडो लोकांवर प्रयोग करतो. तेलाचा डबा बाजारात सोडण्याआधी तो ७० वर्षांच्या १० बायांच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या तीन. किरकोळ विकला जाणारा प्रत्येक सीलबंद डबा एकतर नुसत्या हातानं उघडावा, नाहीतर त्याची चावी त्याला जोडलेली असावी. दुसरी, सरकार आणि संस्था मदतीसाठी, आश्रमशाळांसाठी, अंगणवाड्यांसाठी जे खरेदी करतात, त्या निविदांमध्ये हीच अट घालावी. मोठं गिऱ्हाईक अडून बसलं की कारखान्याला झाकण बदलता येतं. आणि तिसरी, कीटकनाशकाचं सील हातमोजा घातलेल्या, ओल्या हातानं निघतं की नाही याची चाचणी विक्रीच्या परवान्याआधी व्हावी.

तुम्ही काय करायचं, तेही सांगतो. पुढच्या वेळी डबा सुरीनं उघडावा लागला तर त्याची रील करू नका. डब्यावरचा तक्रारीचा नंबर फिरवा. तो तिथे कायद्यानं छापलेला आहे. 'तुमचा डबा उघडत नाही' एवढंच सांगा. पलीकडचा माणूस म्हणेल, ओपनर वापरा. त्याला विचारा, ओपनर डब्यासोबत का दिला नाही? ऑनलाइन घेतला असेल तर एक तारा द्या आणि हेच लिहा. दाद नाही लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि घरी सुरी-बत्ता घेऊन कुणी डब्याशी झटत असेल, तर बाहेरच्या खोलीतून 'झालं का?' विचारण्याआधी तो डबा हातात घ्या, त्यावरचा फोन नंबर शोधा आणि तिथूनच फोन लावा. स्पीकरवर. मागे ठोके ऐकू येऊ देत.